तांबडीचे दहा लिटर

३ तारीख, मंगळवार

पहिली आली ती शिंपीण. तिला कोणी बोलावलं नव्हतं. उशांचे अभ्रे शिवून झालेत एवढंच सांगायला आले म्हणाली आणि गोठ्याच्या दारातल्या माझ्या खुर्चीत जी बसली ती उठेचना. मी तिच्याकडे अभ्रे टाकलेलेच नाहीत. तिच्या मागून गुरांचा दलाल आला. त्याला माझ्या मुलानं बोलावलं होतं, हे मला तो आल्यावर कळलं. त्यानं तांबडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर थाप दिली आणि म्हणाला, "वय झालं हिचं. आत्ता न्यायला तयार आहे. पुढच्या महिन्यात मला सांगू नका." तांबडीनं शेपूट असं फिरवलं की त्याचा चष्मा चाऱ्यात पडला. शिंपीण हसली. मी हसले नाही, निदान मोठ्यानं नाही.

जिला खरोखर बोलावलं होतं ती डॉक्टरीणबाई सगळ्यात शेवटी आली. गुरांची डॉक्टर आहे, वयानं माझ्या सुनेएवढी. दोघी डेअरीत रोज भेटतात, कारण सूनबाई तिथे दूध तपासायच्या खोलीत कामाला आहे.

आमच्याकडे तीन गाई. तांबडी, चांदी आणि धाकटी. चार महिन्यांपूर्वी नवा गोठा बांधला. सिमेंटची जमीन, वर पंखा, गव्हाणीला लागून पाण्याचा हौद आणि त्यावर असा नळ, की पाणी खाली गेलं की आपोआप भरतं. सूनबाईनं गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून सगळं करून घेतलं. आणि या नव्या गोठ्यात आल्यापासून दूध उतरायला लागलं. जुन्या गोठ्यात तांबडी तेरा लिटरपर्यंत जायची. आता सात. तांबडी म्हणजे माझी. जन्मली आणि आई गेली, तेव्हा मी हिला स्वयंपाकघरात चुलीपाशी ठेवून बाटलीनं वाढवली. मुलगा तिला स्वतःची सावत्र बहीण म्हणतो.

तो डेअरीचा टेंपो चालवतो. घरोघरचे कॅन गोळा करतो आणि त्यात सगळ्यात हलका कॅन स्वतःच्या घरचा. तिथले हमाल विचारतात, "काय रे, घरी चहापुरतं तरी ठेवून आलास का?" त्याला ते फार लागतं. दलालासमोर तो म्हणाला, "पंचवीस तारखेपर्यंत तांबडी दहावर आली तर राहील. नाहीतर जाईल. आई, तू मध्ये पडू नकोस." मी कुठे पडते मध्ये.

डॉक्टरीणबाईंनी चारही सडांचं दूध वाटीत घेऊन पाहिलं. कास स्वच्छ, ताप नाही, चारा ठीक. मग बुटाच्या टोकानं शेण दाबून पाहिलं, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, नळाकडे बघितलं, सूनबाईकडे बघितलं. दोघी पपईच्या झाडाखाली जाऊन बराच वेळ बोलत होत्या. त्यांचं काही डेअरीतलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. परत आल्या तेव्हा बाईंच्या हातात ही वही.

"आजी, दिवसभर गोठ्यात तुम्हीच असता. हे काम तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही. दोन्ही वेळचं दूध लिहायचं. आणि तुम्ही गोठ्यात जे जे करता ते लिहायचं. अगदी बारीकसारीक."

"मी दुसरीत शाळा सोडली, बाई."

"आकडे येतात ना?"

"आकडे येतात. जोडाक्षरांची भीती वाटते."

"मग जोडाक्षर आलं की गाळा."

अजून एकही गाळलेलं नाही. उशीर लागतो एवढंच. शिंपिणीला कोणी वही दिली नाही, हेही लिहून ठेवते.

४ तारीख, बुधवार

तांबडी सकाळी ४, संध्याकाळी ३. चांदी ५ आणि ३. धाकटी ३ आणि २, पण ती पहिलटकरीण आहे, तिला सूट.

काय केलं. शेण काढलं. हौद भरला. नळ टपटपत होता म्हणून चावी बंद केली. खाली सांडलेला चारा परत गव्हाणीत टाकला. तांबडीची मान खाजवली, तिला डाव्या कानामागे आवडतं. दारात बसून शेंगा सोलल्या. संध्याकाळी हौद परत भरला, चावी बंद केली. तांबडी रिकाम्या हौदाचा तळ चाटत बसते. या वयातही खेळकर आहे.

६ तारीख, शुक्रवार

तांबडी ४ आणि ३. आंबोणात पेंडीच्या दोन ओंजळी वाढवल्या, काही फरक नाही. सूनबाईनं मिठाची वीट आणून टांगली. तिघी चाटतात. तांबडी तर विटेवरून हौदावर आणि हौदावरून विटेवर.

आज रविवार नसूनही सूनबाईनं माझ्या डोक्याला तेल लावलं. माझ्या टाळूवर रुपयाएवढी जागा आहे, तिथे केस उगवत नाहीत. लग्न झाल्यावर तीन वर्षं मी डोक्यावरून पाणी आणलं. खाली ओढा, वर घर, मध्ये चढण. दिवसाला सहा खेपा. चुंबळ ठेवून ठेवून ती जागा गुळगुळीत झाली. म्हणून मला नळ टपटपताना बघवत नाही. थेंब पडला की वाटतं, चढणीवरचं एक पाऊल वाया गेलं. सूनबाईला हे माहीत आहे, शंभर वेळा सांगितलंय. त्या जागेवर आली की तिचा हात हलका होतो. आजही झाला. काहीतरी म्हणणार होती, "आई, ते पाणी..." आणि मग म्हणाली, "तेल कोमट आहे ना?"

तेल बरोबर होतं.

तिनं मागे एकदा म्हटलं होतं, की हौदात पाणी राहू द्या. तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते म्हणे. तसं काही नव्हतं, माझी दाढ दुखत होती. गाईंना मी सकाळ संध्याकाळ दोनदा हौद भरून पाजते. माणूस तरी किती वेळा जेवतो.

आज कामाला जाताना ती चावी उघडून गेली. नव्या पोरींना पाण्याचं काही वाटत नाही. तिची पाठ वळली की बंद केली.

९ तारीख, सोमवार

तांबडी ४ आणि पावणेतीन. मुलानं कॅन उचलला आणि एका बोटावर तोलून दाखवला. मी म्हटलं, "दुसऱ्या बोटावर तुझं डोकं तोल, तेही हलकंच आहे." सूनबाईला हसू आवरेना, तिनं तोंडाला पदर लावला. पण तो गेल्यावर ती स्वच्छ जमीन परत झाडायला लागली. हा गोठा तिचा आहे. तिनं तो बांधायचा हट्ट धरला तेव्हा सगळे म्हणत होते, जुन्यात काय वाईट होतं. तेव्हा तिच्या बाजूनं मी एकटी बोलले होते. आता तांबडी गेली तर लोक म्हणतील, बघा, गोठा नवा केला आणि गाय घालवली.

हौद दोनदा भरला. चावी बंद केली. पंखा दुपारी लावला. ऊन वाढलंय.

११ तारीख, बुधवार

गुडघा. पायरीवरून उतरताना कट्ट झालं आणि डोळ्यांपुढे तारे. माणसांच्या डॉक्टरनं चार दिवस पलंगावरून हलायचं नाही असं बजावलंय. वही सूनबाईकडे दिली आहे. ती चांगलं लिहिते, पण मला विचारल्याशिवाय काही खोडू नकोस म्हणून सांगितलं.

१५ तारीख, रविवार

आज उठले. वही परत घेतली. सूनबाईचं अक्षर मुंग्यांसारखं एका ओळीत जातं. तिनं लिहिलंय ते असं.

"बुधवार. तांबडी साडेसात. आई झोपून आहेत. नळ उघडा. गुरुवार. तांबडी साडेआठ. आई झोपून. नळ उघडा. शुक्रवार. तांबडी सव्वानऊ. नळ उघडा. शनिवार. तांबडी साडेनऊ. आईंचा गुडघा बरा. नळ उघडा."

नळ नळ काय लावलंय कोण जाणे. डेअरीत प्रत्येक गोष्ट लिहावी लागते, तीच सवय.

खरं लिहायचं तर, मला वाईट वाटलं. मी पलंगावर पडल्या पडल्या विचार करत होते, तांबडी मला शोधत असेल, पान्हा चोरत असेल. आणि इकडे बाईसाहेब अडीच लिटरनं वाढल्या. बाटलीनं दूध पाजलेलं असं विसरतात होय. मुलगा खुशीत म्हणाला, "आई, तू आणखी आठवडाभर झोपतेस का?" तो चेष्टेनं म्हणाला. मी जेवताना त्याला भाजी कमी वाढली.

मग गोठ्यात गेले. तांबडीनं माझा हात चाटला. म्हणजे माया आहे. मग दूध का वाढलं?

हौद भरलेला होता. नळ टपटपत होता. चावी बंद केली.

१७ तारीख, मंगळवार

रविवारी तांबडी नऊ. सोमवारी आठ. आज सात. माझ्या समोर उतरतंय. पंचवीसला आठ दिवस राहिले.

शिंपीण येऊन म्हणाली, "तुम्ही आजारी होता तेव्हा दूध चांगलं होतं म्हणे." ही बातमी हिला कोणी दिली? मी म्हटलं, "तुझे ते अभ्रे कुठे आहेत?" गेली.

पण ती म्हणाली ते खरंच आहे. मीच गाईला जड झालेय का? आज दुपारी गोठ्यात गेले नाही. खिडकीतून बघत बसले. माझी खुर्ची दारात रिकामी होती आणि तांबडी तिच्याकडे बघत होती, की मला तसं वाटलं.

१८ तारीख, बुधवार

आज मोठी गोष्ट लिहायची आहे, म्हणून पेनात नवी कांडी घातली.

दुपारी घरात कोणी नव्हतं. वही घेऊन गोठ्यात बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले, बोट ओळीवर ठेवून, मोठ्यानं, कारण मनात वाचलं की मला अक्षरं सुटतात. समोर तांबडी उभी. हौद भरला. चावी बंद केली. तांबडी सात. हौद भरला. चावी बंद केली. तांबडी सात. मग सूनबाईची पानं. नळ उघडा, साडेआठ. नळ उघडा, सव्वानऊ. मग परत माझं अक्षर. चावी बंद केली. आठ. चावी बंद केली. सात.

मी वाचायची थांबले, तर खर् खर् असा आवाज. तांबडी हौदाचा तळ चाटत होती. कोरडं सिमेंट आणि तिची जीभ. चार महिने मी त्या आवाजाला खेळ म्हणत होते.

जुन्या गोठ्यात असताना मी यांना सोडून पाण्याच्या टाकीवर न्यायची. तिथे या पोट भरेपर्यंत प्यायच्या, मी बोलत बसायची शिंपिणीशी, कोण मोजतंय. इथे आल्यापासून हौदभर पाणी तिघींत. चांदी दांडगी, ती आधी पिते.

मग आणखी एक आठवलं. मुलगा अंगावर पीत होता तेव्हा माझं दूध आटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, हिच्यात दमच नाही. सहा खेपा पाणी आणायची मी, आणि प्यायची तांब्याच्या तळाचं. ओतून उरलं तर. इतक्या चढणीनं आणलेलं पाणी स्वतःच कसं प्यायचं असं वाटायचं. तेव्हा कोणी मला वही दिली असती तर बरं झालं असतं.

उठले. गुडघा कुरकुरला, त्याला गप्प बसवलं. चावी उघडली, पूर्ण. तांबडी प्यायला लागली. मी मोजत होते, पण मोजता मोजता राहिलं. मान वर काढून श्वास घेतला आणि परत खाली. हनुवटीवरून पाणी गळत होतं, जमिनीवर सांडत होतं, आणि मी काही बोलले नाही.

संध्याकाळी सूनबाई आली. ती कॅन घासत होती. मी म्हटलं, "मला कळलं."

"काय कळलं, आई?"

"पाणी. यांना पाणी पुरत नव्हतं. मी चावी बंद करत होते. सगळं वहीत आहे, मी शोधून काढलं."

ती वळली नाही. घासलेला कॅन परत घासत राहिली. मग म्हणाली, "हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नसतं, आई."

वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते. साबण गेला असणार. किती वेळा सांगितलं, कॅन घासताना तोंड लांब धर.

१९ तारीख, गुरुवार

तांबडी आठ. नळ उघडा.

दिवसभर टपटप ऐकली. हात मांडीखाली दाबून बसले. दोनदा उठले, दोनदा बसले. तिसऱ्यांदा उठले ती पातेलं आणायला. नळाखाली पातेलं ठेवलं, भरलं की भोपळ्याच्या वेलाला. आता टपटप आवडायला लागली.

२० तारीख, शुक्रवार

तांबडी पावणेनऊ. नळवाल्याला बोलावलं. त्यानं नळ उघडून करंगळीच्या नखाएवढा रबराचा वायसर काढून दाखवला, फाटलेला. "आजी, एवढंसं काम. चार महिने का थांबलात?" मी म्हटलं, "तुला बोलवायला अक्कल लागते, ती कालच आली." टपटप थांबली. भोपळ्याला आता हातानं पाणी घालावं लागेल.

२४ तारीख, मंगळवार

तांबडी साडेनऊ. रविवारी साडेनऊ, काल साडेनऊ, आजही. जागची हलेना. मुलगा म्हणाला, "दहा म्हणजे दहा, आई." हा माझाच मुलगा, माझ्यावरच गेलाय.

तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, उद्या काय आहे ते. ती पाणी पीत होती, तिनं ऐकलं की नाही कळलं नाही.

२५ तारीख, बुधवार

आजही पहिली आली ती शिंपीण. या वेळी खरंच दोन अभ्रे घेऊन आली, निळे, फुलांचे. मी घेतले. खोटं बोलली त्याची भरपाई केली बिचारीनं. मग दलाल दोरी घेऊन. दोरी बघून मी खुर्ची तांबडीच्या पुढ्यात ओढली.

सकाळचं दूध सव्वापाच झालं होतं. संध्याकाळी मुलगा म्हणाला, आज धार मी काढतो, म्हणजे कोणी संशय घ्यायला नको. डेअरीचं माप आणलं होतं. सूनबाई खांबाला टेकून उभी, नखं चावत. मी तांबडीच्या डाव्या कानामागे खाजवत होते. धारेचा आवाज आधी रिकाम्या बादलीचा येतो, टणटण, मग हळूहळू दबतो आणि फेसाचा होतो. आज तो फेसाचा आवाज लवकर आला आणि संपेचना.

मापात ओतलं. पाच. आणि वर तीन बोटं.

मुलानं ते परत मापलं. मग बादली खाली ठेवली. दलाल म्हणाला, "दहाच्या वर? पाणी घातलं असेल."

मी म्हटलं, "घातलंय की. पण तोंडाकडून."

सगळ्यात आधी हसला तो माझा मुलगा. इतका हसला की तांबडी दचकली. दलालाला चहा दिला, दोरी त्यानं गुंडाळून नेली. जाताना मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सावत्र बहीण राहिली म्हणायची." आणि तांबडीच्या पाठीवर हात ठेवला. ती त्याच्या अंगावरून शेपूट फिरवते नेहमी. आज नाही फिरवलं.

२९ तारीख, रविवार

काय सांगू आजचं. डॉक्टरीणबाई सात बायकांना घेऊन आल्या. पलीकडच्या वाडीत गाईवाल्या बायकांचा गट आहे, तिथल्या सगळ्या. वयानं लहान, कोणाच्या कडेवर मूल. त्यांच्याकडेही दूध उतरलंय. गोठ्यात जागा पुरेना. शिंपीण सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती आणि प्रत्येकीला सांगत होती, मी यांची जुनी मैत्रीण.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शोध कोणी लावला ते त्यांच्याच तोंडून ऐका."

मी वही उघडली आणि वाचून दाखवलं. सगळं. चावी बंद केली तेही, पलंगावर पडले तेही. लपवायचं काय त्यात. एकदा अडखळले, 'जोडाक्षर' या शब्दावरच अडखळले, तेव्हा सूनबाईनं मागून हळूच सांगितलं. वाचताना मी त्यांच्याकडे बघत होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, एकमेकींकडे बघत होत्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. एक जाडसर पोरगी तर डोळे पुसायला लागली. म्हणाली, "आजी, आमच्याकडे पाण्याचं नाही, पण असंच आहे. घरची मोठी माणसं वासराला सगळं दूध सोडतात आणि बोलता येत नाही."

"कोणाला बोलता येत नाही?" मी विचारलं. "गाईला तर कोणालाच बोलता येत नाही. म्हणून तर लिहायचं."

सगळ्या हसल्या. डॉक्टरीणबाईंनी सूनबाईकडे बघितलं, सूनबाईनं चारा सारखा करायला घेतला. कशाला ते कळलं नाही, चारा सारखाच होता.

मी त्यांना हौद दाखवला, नळ दाखवला, फाटका वायसर डबीत जपून ठेवलाय तोही दाखवला. तांबडी आज साडेदहा. तिनं सगळ्यांसमोर भरपूर पाणी पिऊन दाखवलं, शाबासकी मिळते हे तिला कळतं. मुलगा टेंपो धुता धुता उगाचच सांगत होता, "आमचा कॅन आता दोघांना उचलावा लागतो." एकालाच लागतो. पण बोलू दिलं.

आणि माझी सून. मी सगळ्यांदेखत सांगितलं, की हा गोठा हिनं बांधला आणि गोठ्यात काही खोट नव्हती. खोट माझ्या चावीत होती. ती खाली बघत होती. त्या गटातल्या बायका तिच्याकडे असं बघत होत्या, जसं माझ्या तरुणपणी आम्ही चढण न थांबता चढणाऱ्या बाईकडे बघायचो.

निघताना सगळ्यांनी माझ्याकडून वही कशी आखायची ते लिहून घेतलं. मी रेघा मारून दिल्या. दुसरी शिकलेली मी, सात जणींना रेघा मारून दिल्या.

गुरुवारी परत येतो म्हणाल्या, सकाळच्या धारेनंतर. येताना आपापल्या सासवांना घेऊन येणार आहेत.